हाय साइड गेटवरचे स्पाइक खरे की खोटे? रेझिस्टर बदलण्याआधी प्रोब तपासा

हाफ ब्रिजचा बोर्ड टेबलावर आहे: डीसी बसवर (मुख्य डीसी सप्लायवर) एकाखाली एक जोडलेले दोन मॉस्फेट स्विच, वरचा तो हाय साइड. गेट ही मॉस्फेट चालू-बंद करणारी पिन, तिचं व्होल्टेज सोर्स या पिनच्या तुलनेत मोजायचं; वरच्याचा सोर्स म्हणजे दोन मॉस्फेटमधला जोड. खालच्या मॉस्फेटचा गेट स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) छान दिसतोय: शून्य ते १२ व्होल्ट, कडा स्वच्छ. वरच्या मॉस्फेटचं गेट-सोर्स व्होल्टेज बघायला गेलं की मात्र स्क्रीनवर नुसता धिंगाणा. प्रत्येक स्विचिंगला २५ व्होल्टचा स्पाइक, मग खाली उणे १५ पर्यंत बुडी, मागोमाग रिंगिंग (थरथरत विरत जाणारी लाट). डेटाशीटमध्ये गेटची मर्यादा ±२० व्होल्ट लिहिलेली. हे सगळं खरं असतं तर तो मॉस्फेट पहिल्याच मिनिटाला मेला असता. पण तो तासन्‌तास मुकाट चालतोय.

ही तक्रार घेऊन इतके जण आलेत की पुढची वाक्यं मला पाठ झाली आहेत. "गेट रेझिस्टर १०चा २२ केला, मग ४७ केला. झेनर (व्होल्टेज कापणारा डायोड) लावला. ड्रायव्हर आयसी बदलली. आता लेआउट नव्याने करू का?" स्पाइक जिथल्या तिथे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, यातला प्रकार.

सोल्डरिंग आयर्न खाली ठेवा आणि आधी एक गोष्ट करा. बोर्ड बंद करून, बसचे कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची खात्री करून, डिफरन्शियल प्रोबची (दोन टोकांमधला फरक मोजणाऱ्या प्रोबची) लाल आणि काळी अशी दोन्ही टोकं सोर्सवर लावा, एकाच सोल्डर पॉइंटवर. मग बोर्ड चालू करा. दोन्ही टोकं एकाच जागी आहेत, म्हणजे त्यांच्यातला फरक शून्य. स्क्रीनवर सरळ रेघ यायला हवी. तोच स्पाइक जवळजवळ तसाच दिसला तर तो गेटचा नाही, तुमच्या मोजमापाचा आहे. बहुतेक वेळा तो दिसतो.

(डिफरन्शियल प्रोब नाही आणि साध्या प्रोबची क्लिप तुम्ही थेट सोर्सला लावणार होता? मग थांबा, पुढचा भाग आधी वाचा.)

स्कोपला तिसरं टोक असतं

मल्टिमीटरने आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे: दोन वायरी, कुठेही लावा, मधला फरक वाचा. मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, त्याचा जमिनीशी संबंध नसतो, म्हणून ते जमतं. टेबलावरचा, प्लगला लावलेला स्कोप तसा नाही. प्रोबची ग्राउंड क्लिप, बीएनसीचं (प्रोब जोडायच्या सॉकेटचं) बाहेरचं कडं, स्कोपची बॉडी आणि प्लगची अर्थ पिन ही सगळी एकच तार आहे. विश्वास बसत नसेल तर स्कोपचा प्लग काढून मल्टिमीटरने ओहम मोजा. क्लिप ते अर्थ पिन, जेमतेम ओहमभर. चॅनल १ची क्लिप ते चॅनल २ची क्लिप, तेच. चार चॅनल असले तरी त्यांचं ग्राउंड एकच.

म्हणजे क्लिप हे "दुसरं टोक" नाहीच. ती ज्या पॉइंटला लावाल तो पॉइंट तुम्ही अर्थला जोडता. तो पॉइंट आधीच अर्थवर असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर बिघडतं, आणि किती बिघडेल ते त्या पॉइंटमागे किती करंट उभा आहे यावर.

मी हे शिकलो ते ब्रिज रेक्टिफायरच्या उणे टोकावर. ड्रॉइंगमध्ये तिथे ग्राउंडचं चिन्ह होतं, वायर काळी होती, मोठ्या कपॅसिटरवर उणे खूण होती. क्लिप लावली आणि बोर्ड ऑन केला. आवाज ऐकून शेजारच्या खोलीतले लोक आले. फ्यूज गेला, ब्रिजमधला डायोड गेला, क्लिपचे दात काळे पडून अर्धे वितळले, आणि प्रोबची ग्राउंड वायर आतून अशी भाजली की इन्सुलेशन बोटाला लागून यायचं. कारण सरळ आहे. २३० व्होल्टच्या सप्लायवर, फेज उणे अर्ध्या फेऱ्यात गेला की ब्रिजचं उणे टोक एका डायोडमधून थेट फेजला चिकटलेलं असतं, म्हणजे अर्थपासून उणे ३२५ व्होल्टपर्यंत. मी तो पॉइंट क्लिपने अर्थला बांधला. मध्ये होता फक्त एक डायोड. चिन्ह ग्राउंडचं होतं, पण ते त्या सर्किटपुरतं ग्राउंड; जमिनीशी त्याचं काही नातं नव्हतं.

तेव्हापासून एक सवय आहे. क्लिप कुठेही लावण्याआधी ती प्रोबवरून काढून ठेवतो, प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट लहान करणाऱ्या सेटिंगवर) आहे ना हे बघतो, आणि चालू बोर्डवर त्या पॉइंटला फक्त टोक टेकवतो. क्लिप नाही, म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते त्या पॉइंटचं अर्थच्या तुलनेतलं व्होल्टेज. टोकाचा इनपुट १० मेगाओहमचा, त्यामुळे प्रोबच्या रेटिंगच्या आत असेपर्यंत काही फुटत नाही. सपाट रेघ आणि थोडा हम दिसला तर क्लिप लावायला हरकत नाही, तीही बोर्ड बंद करूनच. शेकडो व्होल्टची अर्धी साइन किंवा स्विचिंग दिसलं तर क्लिपला तिथे मनाई.

यात एक फसवी जागा आहे. दोन पिनच्या ॲडॉप्टरवर चालणारा लो व्होल्टेज बोर्डही टोक टेकवल्यावर ८०-१०० व्होल्टचा ५० हर्ट्झ दाखवतो. हे ॲडॉप्टरमधल्या वाय कपॅसिटरमधून (मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामधल्या छोट्या कपॅसिटरमधून) येणारं भुताटकीचं व्होल्टेज. त्यामागे मायक्रोॲम्पिअरमध्ये मोजण्याइतकाच करंट असतो. मल्टिमीटरच्या लो-झेड (कमी इनपुट रेझिस्टन्सच्या) मोडवर मोजलं की ते एकदम बसतं. तिथे क्लिप चालते, पण बोर्ड चालू असताना लावली तर ती छोटी ठिणगी एखादा लॉजिक पिन घेऊन जाऊ शकते.

आता आकडे

४०० व्होल्टची डीसी बस धरू आणि हिशेब सोपा राहावा म्हणून तिचं उणे टोक अर्थवर आहे असं मानू. वरचा मॉस्फेट ऑन असताना सोर्स ४०० व्होल्टवर, गेट ४१२वर. आपल्याला हवा आहे दोघांतला फरक: १२ व्होल्ट. हे डिफरन्शियल. दोघांनाही सारखंच असलेलं ते कॉमन मोड. व्याख्येप्रमाणे दोघांची सरासरी, म्हणजे ४०६. टेबलावर बोलताना आपण ४०० म्हणतो आणि कोणाचं काही अडत नाही.

४०० व्होल्ट स्थिर असते तर गोष्ट सोपी होती. पण खालचा मॉस्फेट ऑन झाला की सोर्स आणि गेट दोन्ही शून्याजवळ येतात, आणि पुन्हा वर जातात, समजा ४० नॅनोसेकंदांत. म्हणजे दर नॅनोसेकंदाला १० व्होल्ट. प्रोबला या ४०० व्होल्टच्या उडीकडे दुर्लक्ष करून १२ व्होल्ट दाखवायचे आहेत. तो किती चांगलं दुर्लक्ष करतो, याचा आकडा म्हणजे सीएमआरआर (कॉमन मोड रिजेक्शन रेशो), तो डेसिबलमध्ये म्हणजे डीबीत सांगतात.

८० डीबी म्हणजे दहा हजारात एक. ४०० व्होल्टमधले ४० मिलिव्होल्ट गळून स्क्रीनवर येतात, कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. ६० डीबीला ०.४ व्होल्ट. ४० डीबीला ४ व्होल्ट. २६ डीबीला वीसात एक, म्हणजे तब्बल २० व्होल्ट! तुमचा "स्पाइक" इथून येतो.

"पण माझ्या प्रोबवर ८० डीबी लिहिलंय." लिहिलं असेल, खोटंही नसेल. पण तो आकडा बहुतेक वेळा डीसीचा किंवा ५०-६० हर्ट्झचा असतो. फ्रिक्वेन्सी वाढते तसा तो घसरत जातो, कारण प्रोबच्या आतल्या दोन बाजूंचे डिव्हायडर (सिग्नल लहान करणारे भाग) रेझिस्टन्सने जुळवता येतात, पण पिकोफॅरडच्या अंशापर्यंत कपॅसिटन्स जुळवणं फार अवघड. ४० नॅनोसेकंदांची कडा म्हणजे साधारण ९ मेगाहर्ट्झपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी (०.३५ भागिले राइज टाइम, म्हणजे कडा चढायला लागणारा वेळ; हे जुनं सूत्र). तुम्हाला हवा आहे तो ९ मेगाहर्ट्झचा सीएमआरआर, आणि तो पहिल्या पानावर नसतो. मॅन्युअलमध्ये मागे कुठेतरी उतरता आलेख असतो, तो बघा. आलेखच दिला नसेल तर त्यातूनही जे समजायचं ते समजा.

दोन साधे प्रोब आणि वजाबाकी

डिफरन्शियल प्रोब महाग, म्हणून पहिला सल्ला हाच मिळतो: चॅनल १ गेटवर, चॅनल २ सोर्सवर, मॅथ मेनूत १ वजा २. क्लिपा सर्किटला लावायच्या नाहीत, एकमेकींना जोडून ठेवायच्या. तत्त्व बरोबर आहे. पण हत्तीवर मांजर बसलंय आणि आपण हत्ती दोनदा तोलून मांजराचं वजन काढतोय.

दोन प्रोबच्या गेनमध्ये १ टक्का फरक असला (साध्या प्रोबमध्ये सहज असतो) तर ४०० व्होल्टवर ४ व्होल्टची चूक तिथेच झाली. बहुतेक स्कोप ८ बिटचे, म्हणजे स्क्रीनची पूर्ण उंची २५६ पायऱ्यांत. ४०० व्होल्ट मावायला ५० व्होल्ट प्रति डिव्हिजन (स्क्रीनवरची एक चौकट) ठेवलं की एक पायरी दीड व्होल्टहून मोठी. तुमचे १२ व्होल्ट म्हणजे जेमतेम आठ पायऱ्यांचा जिना. आणि बारीक दिसावं म्हणून स्केल ताणलं, रेघ स्क्रीनबाहेर गेली, तर इनपुट ॲम्प्लिफायर सॅच्युरेट होतो आणि मॅथ कचऱ्यातून कचरा वजा करतो. हे करताना मी अनुभवी माणसंही पाहिली आहेत.

सगळ्यात वाईट म्हणजे वेळेचा फरक. केबलमध्ये सिग्नल मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. दोन प्रोबच्या लांबीत वीतभर फरक म्हणजे १ नॅनोसेकंदाचा फरक. आपली कडा आहे नॅनोसेकंदाला १० व्होल्टची. झाला १० व्होल्टचा खोटा स्पाइक तयार, प्रत्येक कडेला, अगदी नियमित. नियमित दिसतो म्हणून खरा वाटतो.

तरी ही पद्धत टाकाऊ नाही. कॉमन मोड आणि डिफरन्शियल साधारण एकाच मापाचे असतील तिथे ती उत्तम. कॅन बसवर (गाड्यांमधले कंट्रोलर जोडणाऱ्या दोन तारांवर) दोन्ही तारा २.५ व्होल्टच्या आसपास आणि फरक सुमारे २ व्होल्टचा. आरएस-४८५ मध्ये (तशीच दोन तारांची आणखी एक डेटा जोडणी) कॉमन मोडची मर्यादाच उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट. तिथे सारखे दोन प्रोब घ्या, दोन्ही एकाच कॅलिब्रेशन सिग्नलवर कॉम्पेन्सेट करा, दोन्ही चॅनलचं स्केल सारखं ठेवा, डिस्क्यू (दोन चॅनलमधला वेळेचा फरक भरून काढणारं सेटिंग) लावा. आणि मोजण्याआधी दोन्ही टोकं एकाच तारेवर ठेवून वजाबाकी शून्य येते का बघा. तीच चाचणी, इथेही.

डिफरन्शियल प्रोब आहे, तरीही घाण दिसते

मग आधी वायरी बघा. हाय व्होल्टेज डिफरन्शियल प्रोबच्या पुढे दोन लांब, सुट्या, लाल-काळ्या वायरी असतात. बहुतेक जण त्या बोर्डवर पसरून देतात, एक इंडक्टरच्या अलीकडून, दुसरी पलीकडून. तो एक मोठा लूप झाला, म्हणजे अँटेना. दोन्ही वायरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकमेकींभोवती पिळा, फक्त शेवटची बोटभर मोकळी ठेवा. मोठे हुक काढा. गेट आणि सोर्सच्या पायांनाच छोटी पिळलेली जोडी सोल्डर करा आणि प्रोब तिला जोडा. इंडक्टर आणि ट्रान्सफॉर्मरपासून दूर न्या. बदल करताना दर वेळी बोर्ड बंद. वायरींची जागा बदलल्यावर स्पाइकचा आकार बदलला, तर तो वायरींचा होता. गेटला तुमच्या वायरी कुठे आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मग रेंज. ५०एक्स आणि ५००एक्स असे दोन पर्याय असतात तेव्हा सुरक्षित वाटतो म्हणून लोक ५००एक्स निवडतात. पण स्कोपच्या इनपुटवरचा १ मिलिव्होल्टचा नॉइज ५००एक्सवर अर्धा व्होल्ट होऊन दिसतो. १२ व्होल्ट बघायला लहान ॲटेन्युएशन (सिग्नल कमी पटीने लहान करणारी रेंज) चांगलं, पण त्या रेंजला डिफरन्शियल मर्यादा किती आणि कॉमन मोड मर्यादा किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. दोन्ही वाचा.

आणि हा प्रोब म्हणजे आयसोलेशन नव्हे. आत मोठे रेझिस्टर आहेत, ट्रान्सफॉर्मर किंवा फायबर नाही. रेटिंग ओलांडलं तर तो वाचवणार नाही.

साध्या, ग्राउंडवरच्या सिग्नलवरही अशीच घाण दिसत असेल तर प्रोबचं टोक आणि त्याची क्लिप दोन्ही बोर्डच्या ग्राउंडवर एकाच जागी लावून बघा. तरी नॉइज दिसला तर केबलच्या शील्डवरून कॉमन मोड करंट वाहतोय. फेराइट कोअरमधून केबलचे चार-पाच वेढे घ्या, फरक लगेच दिसतो. लांब ग्राउंड वायरही बदला: १५ सेंटिमीटर वायर म्हणजे साधारण १५० नॅनोहेन्री, प्रोबच्या १२ पिकोफॅरडबरोबर ती १२० मेगाहर्ट्झच्या जवळ वाजते. तिच्या जागी सेंटिमीटरभर ग्राउंड स्प्रिंग लावली की तीच गोष्ट ४५० मेगाहर्ट्झच्या वर जाते.

अर्थ पिन कापू नका

हा सल्ला अजूनही दिला जातो, तोही आत्मविश्वासाने. "अर्थ पिनवर टेप लाव, स्कोप फ्लोट होतो (अर्थपासून सुटतो)." होतो ना. आणि त्याची बॉडी, प्रत्येक बीएनसीचं कडं ४०० व्होल्टवर जातं, ज्याला तुम्ही दुसरा प्रोब लावताना हात लावणार आहात.

जिवाची गोष्ट घडीभर बाजूला ठेवली तरी मोजमाप म्हणूनही हा उपाय भिकार आहे. स्कोपच्या बॉडीचा जमिनीशी कपॅसिटन्स असतो. तो १०० पिकोफॅरड धरला आणि सोर्स नॅनोसेकंदाला १० व्होल्टने हलत असला, तर प्रत्येक कडेला १ ॲम्पिअर करंट फक्त स्कोप वर-खाली ढकलण्यात जातो. ज्या सर्किटचं मोजमाप करायचं होतं ते तुम्ही बदलून टाकलंत.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर स्कोपला नाही, बोर्डला लावा. तेव्हा एका स्थिर पॉइंटला, उदाहरणार्थ बसच्या उणे टोकाला, क्लिप लावता येते. पण फक्त एकाच पॉइंटला. दुसऱ्या चॅनलची क्लिप दुसरीकडे लावली की तिथे शॉर्ट. मी एकदा १० मिलिओहमच्या शंटच्या (करंट मोजायच्या रेझिस्टरच्या) दोन टोकांना दोन क्लिपा लावल्या आणि अर्धा दिवस ओव्हरकरंट प्रोटेक्शन का चालत नाही ते शोधत बसलो. करंट शंट सोडून माझ्या प्रोबच्या शील्डमधून जात होता. शिवाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढे शॉक लागला तर आरसीसीबी (करंटची गळती ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप होणार नाही, हे लक्षात असू द्या. लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी स्कोपचंही तसंच: चार्जर लावला की अर्थ येऊ शकतो, काढला की लॅपटॉपच फ्लोट होतो, तुमच्या मांडीवर.

त्या बोर्डचं काय झालं

सुरुवातीला सांगितला तो बोर्ड खरा आहे. दोन्ही टोकं सोर्सवर लावल्यावर २५ व्होल्टच्या स्पाइकपैकी २२ व्होल्ट तसेच स्क्रीनवर होते. वायरी पिळून, हुक काढून, छोटी जोडी सोल्डर केल्यावर तेच ३ व्होल्टवर आले. पण नेमक्या कडेला काय होतंय हे ३ व्होल्टच्या धुक्यात दिसेना, म्हणून दिवसभरासाठी एक फायबरवर चालणारा आयसोलेटेड प्रोब मागून आणला. त्याची किंमत स्कोपपेक्षा जास्त, पण १० मेगाहर्ट्झला त्याचा सीएमआरआर आमच्या प्रोबच्या कैक पटींनी चांगला. त्यावर दोन्ही टोकं सोर्सवर: सरळ रेघ. मग गेटवर: १२ व्होल्ट, वर जेमतेम एक व्होल्टचा ओव्हरशूट. २५ चा स्पाइक कधी नव्हताच.

एक गोष्ट मात्र खरी निघाली. वरचा मॉस्फेट ऑफ असताना, खालचा ऑन होतो त्या क्षणी, वरच्या गेटवर २.४ व्होल्टचा उंचवटा येत होता. थ्रेशोल्ड, म्हणजे मॉस्फेट ऑन व्हायला लागणारं गेट व्होल्टेज, ३ व्होल्ट. खोट्या स्पाइकच्या भीतीने वरच्या गेटला ४७ ओहम लावला होता ना, त्याचाच हा प्रताप: मॉस्फेटचा गेट-ड्रेन (ड्रेन ही त्याची तिसरी पिन) कपॅसिटन्स ५ पिकोफॅरड, गुणिले नॅनोसेकंदाला १० व्होल्ट, म्हणजे ५० मिलिॲम्पिअर, गुणिले ४७ ओहम. आकडा बरोबर जुळतो. ४७ काढून पुन्हा मूळचा १० लावला, उंचवटा अर्ध्या व्होल्टवर आला.